एलएक्यू लागलाय का? मोर्चेवाल्यांनो, विधिमंडळाच्या सचिवालयाकडेही बघा



8 डिसेंबर 2023, शुक्रवार. तळवड्यात केकवर लावायच्या फुलबाजीसारख्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. आत काम करणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या. सहा जणांचा मृत्यू त्याच दिवशी झाला आणि पुढचे कित्येक दिवस रुग्णालयातून एकेकीची बातमी येत राहिली. कारखाना विनापरवाना चालत होता हे नंतर समोर आले. पिंपरी-चिंचवडच्या आम्हा कार्यकर्त्यांना जे येते ते आम्ही केले. निषेध सभा घेतली. चौकात मेणबत्त्या लावल्या (मेणबत्त्याच, त्या वेळी हे कुणाला खटकलेसुद्धा नाही). मग रात्री जागून चार पानी निवेदन लिहिले, अकरा मागण्या केल्या, एका सरकारी कार्यालयात नेऊन दिले, आवक शिक्का मारून घेतला, फोटो काढला, ग्रुपवर टाकला.

तीन आठवड्यांनी विचारायला गेलो. टेबलावरचा क्लार्क भला माणूस होता. म्हणाला, "तुमचं निवेदन वर पाठवलंय. पण खरं सांगू का दादा, एलएक्यू लागला असता ना, तर एव्हाना सगळी माहिती गोळा झाली असती. साहेबांनी स्वतः उभं राहून करून घेतली असती."

आम्ही एकमेकांकडे बघितले. आमच्यात समाजशास्त्रात एमए झालेला होता, वकिलीचे शिक्षण घेणारे दोघे होते, पंधरा वर्षे चळवळीत घालवलेला एक जुना कार्यकर्ता होता. एलएक्यू म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हते. बाहेर चहाच्या टपरीवर मोबाईलमध्ये शोधले. लेजिस्लेटिव्ह असेंब्ली क्वेश्चन. विधानसभेतला प्रश्न. तळवडे जळत होते त्या दिवशी नागपुरात हिवाळी अधिवेशनाचा दुसरा दिवस होता, आणि आम्ही इथे शिक्का मारून घेण्यासाठी रांगेत उभे राहिलो होतो.

हा लेख त्या चहाच्या टपरीवरून सुरू झाला असे समजा.

विधिमंडळ म्हटले की आपल्यासमोर येतात ते पायऱ्यांवरच्या घोषणा, सभात्याग आणि टीव्हीवरची तुतूमैंमैं. 288 आमदार विधानसभेत, 78 विधान परिषदेत. पण या सगळ्यांच्या मागे एक कार्यालय वर्षभर चालू असते. महाराष्ट्र विधानमंडळ सचिवालय. अधिवेशन मुंबईत असो वा नागपुरात, आमदाराने दिलेली प्रत्येक सूचना आधी तिथल्या कुठल्यातरी टेबलावर येते. तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, कपात सूचना, अशासकीय विधेयक. ती नियमात बसते का हे तिथला कक्ष तपासतो, अध्यक्ष किंवा सभापती ती स्वीकारतात वा नाकारतात, आणि स्वीकारली की ती मंत्रालयातल्या संबंधित खात्याकडे जाते. खाते ती आयुक्तांकडे पाठवते, आयुक्त जिल्ह्याकडे, जिल्हा तालुक्याकडे. आमच्या क्लार्कला भीती होती ती याच कागदाची. आपले निवेदन खालून वर जाताना प्रत्येक टेबलावर झोपा काढत जाते. एलएक्यू वरून खाली येतो, आणि त्याला उत्तराची तारीख असते.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना मंत्रालय आणि विधान भवन एकच वाटते. आम्हालाही वाटायचे. पण विधिमंडळाचे कर्मचारी मंत्र्याच्या हाताखाली नसतात. संविधानाचा अनुच्छेद 187 वाचा. राज्य विधिमंडळाच्या सभागृहासाठी स्वतंत्र सचिवीय कर्मचारीवर्ग असेल, असे तो सांगतो. संसदेसाठी हेच अनुच्छेद 98 सांगतो. ही तरतूद संविधानाच्या मूळ मसुद्यात नव्हती. प्रांतोप्रांतीच्या विधिमंडळांच्या अध्यक्षांची मागणी होती की आमचा कर्मचारी सरकारच्या मेहेरबानीवर नको. ती मागणी मान्य करून 1949 साली संविधान सभेत नवे कलम मांडले ते बाबासाहेबांनी. त्याआधी वीस वर्षे, 1929 साली, विठ्ठलभाई पटेलांनी केंद्रीय कायदेमंडळाच्या अध्यक्षपदावरून इंग्रज सरकारशी भांडून असेच वेगळे खाते मिळवले होते. कारण उघड आहे. जो माणूस सरकारला विचारायचा प्रश्न तपासतो, त्याची बदली आणि बढती सरकारच्या हातात असेल तर तो प्रश्न पुढे जाईल का?

आता आमची फजिती सांगतो. एलएक्यू कळल्यावर आम्ही उत्साहाने एका आमदाराच्या स्वीय सहायकाला गाठले. तळवड्यासोबत चाकणमधल्या प्रेस शॉपचाही विषय घेतला होता, कारण आमच्या वस्त्यांतली पोरे तिथेच बोटे गमावून घरी येतात. कुणी ठेकेदाराचा कामगार, कुणी ट्रेनी. अपघात झाल्यावर घाईघाईने कागद रंगवले जातात, असे त्यांच्या घरचे सांगतात. आम्ही दोन पाने लिहून नेली. भांडवलशाही आणि जातिव्यवस्था यांच्या युतीने सुरुवात केली होती. स्वीय सहायकाने वाचले आणि म्हणाला, "हे भाषण आहे. प्रश्न कुठाय?"

राग आला, पण तो बरोबर होता. प्रश्न एका विषयापुरता असावा लागतो. त्यात युक्तिवाद, आरोप, अनुमान, विशेषणे चालत नाहीत. विषय राज्याच्या अखत्यारीतला हवा. म्हणजे ईएसआय महामंडळ केंद्राचे, पण कारखान्यांची तपासणी करणारे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय राज्याचे, तेव्हा विचारायचे ते संचालनालयाबद्दल. प्रकरण न्यायालयात असेल तर वाट बंद. हे सगळे नियमांच्या पुस्तकात आहे आणि ते पुस्तक गुप्त नाही. आम्ही ते कधी उघडले नव्हते, एवढेच.

मग आम्ही विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नोत्तरांच्या याद्या वाचायला घेतल्या. देहूरोडच्या बुद्धविहारात, जिथे 25 डिसेंबर 1954 ला बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तिथे दर्शन घेऊन आम्ही दर रविवारी जवळच एकाच्या घरी बसायचो. आधी कंटाळा आला. मग गंमत कळली. प्रत्येक प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक घडले हे खरे आहे काय. असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय. त्यानुसार काय कार्यवाही केली. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? आणि उत्तरेही ठरलेली. "हे खरे नाही." "प्रश्न उद्भवत नाही." "प्रश्न उद्भवत नाही." "प्रश्न उद्भवत नाही."

या चार ओळींत राज्यकारभाराची अख्खी शाळा आहे. पहिल्या भागात तुम्ही तारीख चुकवली, गावाचे नाव चुकवले, किंवा भावनेच्या भरात "शेकडो" लिहिले, की खात्याला "हे खरे नाही" म्हणायला मोकळीक मिळते. ते खोटे बोलत नाहीत. शेकडो नव्हते, सदतीस होते, म्हणून शेकडो खरे नाही. आणि पहिला भाग पडला की खालचे सगळे भाग आपोआप पडतात. मंत्र्याने काही लपवले, असे तुम्ही म्हणूही शकत नाही. आपल्या चळवळीची भाषा नेमकी या सापळ्यात सापडणारी आहे. आपण आकडा फुगवतो, कारण आपला आकडा कधी कुणी मोजलाच नाही याचा राग असतो. राग खरा आहे. पण तो पहिल्या भागात घातला की प्रश्न मरतो.

प्रश्न नीट लिहिला आणि उत्तर आले तर ते नोंदीत राहते. त्याही पुढे, सभागृहात मंत्री उभे राहून "चौकशी करू", "महिनाभरात अहवाल मागवू" असे काही बोलून गेले, तर ते शब्द कार्यवृत्तातून वेचून काढण्याचे काम सचिवालयात होते. त्याला आश्वासन म्हणतात आणि त्याचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. मंत्री बदलतो, सरकार बदलते, आश्वासन यादीत राहते. किती कार्यकर्त्यांनी आपल्या भागाबद्दल दिलेली आश्वासने शोधून काढली आहेत? आमच्या गटात तरी गेल्या वर्षापर्यंत एकानेही नाही.

आता तुम्ही म्हणाल, हे कारकुनी काम झाले, चळवळ कुठाय? तर चळवळीचाच इतिहास बघू.

4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली वा चालवलेली पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. जानेवारी 1924 मध्ये महाड नगरपालिकेने आपले तळे खुले केल्याचा ठराव केला. प्रत्यक्षात कुणाची हिंमत नव्हती. 20 मार्च 1927 ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चवदार तळ्यावर गेले, तेव्हा त्यांच्या पाठीशी कायदेमंडळाच्या नोंदीतला एक मंजूर ठराव होता. आपण महाडला दरवर्षी जातो. त्या ठरावाची आठवण तिथे किती भाषणांत निघते?

आणि त्याच 1927 मध्ये बाबासाहेब स्वतः त्या कायदेमंडळात सदस्य म्हणून बसू लागले. महार वतनाचे विधेयक त्यांनी 1928 मध्ये आणले. त्याच वर्षी जुलैत स्त्री कामगारांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकावर बोलले. 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. 1938 मध्ये औद्योगिक कलह विधेयकाला सभागृहात कडाडून विरोध केला आणि मग 7 नोव्हेंबरला कामगारांचा एक दिवसाचा संप केला. आधी सभागृह, मग रस्ता. दोन्हीकडे तेच बोलणे. आज कारखान्यातला दिवस बारा तासांपर्यंत वाढवण्याची मुभा देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये घेतला, तेव्हा आमच्या भागातल्या कितीजणांना 1938 आठवले?

बाबासाहेबांची ही भाषणे आपण आज कशी वाचतो? महाराष्ट्र शासनाने वसंत मून यांच्या संपादनाखाली काढलेल्या इंग्रजी ग्रंथमालेचा दुसरा खंड, 1982 सालचा. त्यातली मुंबई कायदेमंडळातली भाषणे तिथल्या छापील कार्यवृत्तातून आली आहेत. म्हणजे सभागृहात कुणीतरी लघुलेखक मान खाली घालून बसला होता आणि शब्द न् शब्द टिपत होता. तो बहुधा सवर्णच असणार. त्या काळात दुसरा कोण असणार? बाबासाहेबांचे बोलणे त्याला पटले की नाही, माहीत नाही. पण त्याने ते टिपले, कारण ते त्याचे काम होते. सभागृहाबाहेर झालेली बाबासाहेबांची कितीतरी भाषणे वर्तमानपत्रांतल्या त्रोटक वृत्तांतावरून जुळवावी लागतात. सभागृहातली सापडतात.

पुण्यातल्या विभागीय आयुक्त कार्यालयाच्या आवारात, ज्याला आजही कौन्सिल हॉल म्हणतात, तिथे आपण मोर्चे घेऊन जातो. मुंबई कायदेमंडळाची पावसाळी अधिवेशने तिथे भरायची. ज्या वास्तूत आपले पूर्वज सदस्य म्हणून बोलायला जायचे तिच्या फाटकावर आपण निवेदन देऊन परत येतो. यात मोर्चाची टिंगल नाही. आम्हीही त्याच फाटकावर उन्हात उभे राहिलो आहोत आणि पुढेही राहू.

एक आक्षेप मात्र आम्ही टाळू शकत नाही, कारण तो आमच्याच जुन्या कार्यकर्त्याने घेतला. "कागदावर एवढा विश्वास? 27 जुलै 1978 ला दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव मंजूर केला होता. काय झालं त्याचं?" काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे. मराठवाड्यात आपली घरे जाळली गेली. पोचीराम कांबळेंसारख्यांना जिवंत सोडले नाही. 1979 ला लाँग मार्च निघाला. लाठ्या, तुरुंग, बलिदाने. आणि नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 ला. ठराव मंजूर झाल्यावर साडेपंधरा वर्षांनी.

हा आक्षेप पूर्ण खरा आहे. ठराव म्हणजे सभागृहाने व्यक्त केलेली इच्छा. ती सरकारवर कायद्यासारखी बांधील नसते. पण आम्ही त्याच इतिहासाकडे दुसऱ्या बाजूनेही बघतो. त्या साडेपंधरा वर्षांत किती मुख्यमंत्री आले आणि गेले. नामांतर नको म्हणायची ताकद असलेले त्यांच्यात आणि त्यांच्या पक्षांत कमी नव्हते. तरी "अशी मागणीच रास्त नाही" असे सरकारला कधी म्हणता आले नाही, कारण दोन्ही सभागृहांची मंजुरी नोंदीत होती. रस्त्यावरच्या माणसांनी ती नोंद जिवंत ठेवली. नुसत्या ठरावाने काही झाले नसते हे खरेच, पण ठराव नसता तर लाँग मार्चला पहिल्या पायरीपासून सुरुवात करावी लागली असती. त्याच काळात, 1978 ते 1982, विधान परिषदेच्या सभापतिपदावर रा. सू. गवई होते. रिपब्लिकन चळवळीतला माणूस त्या सचिवालयाच्या सर्वोच्च खुर्चीवर बसलेला होता, हे आजच्या किती तरुणांना माहीत आहे?

सचिवालयाची आरती ओवाळायची नाही. मे 2025 मध्ये धुळ्याच्या शासकीय विश्रामगृहात, विधिमंडळाची अंदाज समिती दौऱ्यावर असताना, एका खोलीतून पावणेदोन कोटींहून अधिक रोकड निघाली. समित्यांच्या दौऱ्यांत खाण्यापिण्याची बडदास्त कशी ठेवली जाते हे जिल्ह्यातला प्रत्येक शिपाई सांगेल. अनुसूचित जाती कल्याण समितीचा दौरा आला की बिंदुनामावलीच्या वह्या एका रात्रीत पूर्ण होतात, अनुशेष कागदावर भरला जातो. समितीसमोर कोण बसते? अधिकारी. आपण कुठे असतो? बाहेर, हार घेऊन. समिती येण्याआधी महिनाभर त्या कार्यालयाची माहिती माहिती अधिकारात काढून सदस्यांच्या हातात दिली, तर एका रात्रीत भरलेली वही टिकेल का? सचिवालयालाही माहिती अधिकार लागू आहे, हेही सांगून ठेवतो.

जनसुरक्षा विधेयकाच्या वेळी आपण एकदा हे करून बघितले आहे. संयुक्त समितीने सूचना मागवल्या तेव्हा 12 हजारांहून अधिक आल्या. त्यात आमच्या वस्तीतूनही गेल्या. जुलै 2025 मध्ये विधेयक मंजूर झालेच, आम्ही हरलो. पण समितीतून बाहेर पडलेला मसुदा जसाच्या तसा नव्हता, काही शब्द बदलावे लागले. ते बदल अपुरे आहेत असे आमचे मत आहे आणि त्यावर वेगळे लिहू. इथे सांगायचे ते एवढेच की विरोध नोंदीत गेला. उद्या या कायद्याचा गैरवापर झाला, तर "कुणी सांगितलेच नव्हते" असे म्हणता येणार नाही.

आमच्या पट्ट्याची अडचण आणखी वेगळी आहे. पिंपरी राखीव मतदारसंघ, शेजारी चिंचवड आणि भोसरी, आणि चाकण खेड-आळंदीत. पोरगा राहतो निगडीच्या ओटा स्कीममध्ये, कामाला जातो चाकणला, आणि मतदारयादीत नाव परभणीच्या गावात. बोट तुटले तर त्याचा आमदार कोणता? परभणीचा म्हणतो, घटना माझ्याकडची नाही. खेडचा म्हणेल, मतदार माझा नाही. मार्च 2022 नंतर कित्येक वर्षे तर पिंपरी-चिंचवड महापालिकेत नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता. पण सभागृहाच्या नियमात असे कुठेच नाही की प्रश्न फक्त स्वतःच्या मतदारसंघाचाच विचारावा. कुठलाही आमदार चाकणचा प्रश्न विचारू शकतो. विधान परिषदेचे सदस्यही आहेतच. निळ्या झेंड्याखाली निवडून आलेला माणूस नाही म्हणून आपण सभागृहाकडे पाठ फिरवायची, हे आम्हाला आता पटत नाही. ज्याला प्रश्न हवा आहे त्याला तयार प्रश्न द्यायचा. आमदारांना अभ्यास करायला वेळ नसतो, हा आपला तोटा आहे तसाच आपला फायदाही.

आणि शेवटी नोकऱ्यांचे. स्पर्धा परीक्षा देणारी आमची मुले पीएसआय आणि तलाठी सोडून दुसरे बघत नाहीत. सचिवालयात प्रतिवेदक लागतात, कक्ष अधिकारी, अनुवादक, ग्रंथालयाची माणसे लागतात. मराठी लघुलेखन शिकलेली पोरे आता मोजकीच राहिली आहेत. या जागा बाह्यस्रोताच्या ठेक्यात गेल्या तर आरक्षण कुठून लावणार? सप्टेंबर 2023 चा कंत्राटी भरतीचा शासन निर्णय विरोधामुळे मागे घ्यावा लागला होता, हे विसरू नका. तो पुन्हा दुसऱ्या नावाने येणारच नाही, याची खात्री कुणी दिलेली नाही.

आमच्या रविवारच्या गटाने येत्या अधिवेशनासाठी एक प्रश्न तयार केला आहे. तीन वेळा फाडला, चौथ्यांदा लिहिला. पहिल्या भागात मुद्दामच "हे खरे आहे काय" ठेवलेले नाही. ज्याला आपल्या ओळखीच्या आमदाराकडे न्यायचा असेल त्याने न्यावा, नाव आमचे नको:

सन्माननीय कामगार मंत्री पुढील बाबींचा खुलासा करतील काय :-
(1) पुणे जिल्ह्यातील चाकण, तळवडे व भोसरी औद्योगिक क्षेत्रातील कारखान्यांत दिनांक 1 जानेवारी 2023 पासून आजपर्यंत पॉवर प्रेस यंत्रावर काम करताना हाताची बोटे गमावलेल्या कामगारांच्या किती अपघातांची नोंद औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे झाली आहे,
(2) त्यापैकी कंत्राटी कामगार व प्रशिक्षणार्थी किती आहेत,
(3) उक्त अपघातांपैकी किती प्रकरणी कारखान्याच्या व्यवस्थापनावर खटले दाखल करण्यात आले व किती प्रकरणी नुकसानभरपाई अदा करण्यात आली,
(4) दिनांक 8 डिसेंबर 2023 रोजीच्या तळवडे येथील आगीनंतर उक्त क्षेत्रातील विनापरवाना कारखान्यांचे सर्वेक्षण करण्यात आले आहे काय व असल्यास, त्याचा अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येणार आहे काय,
(5) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?